नववा छर्रा कपाटाखाली

सिंहगड उतरताना सायकलच्या मागच्या ब्रेकची डिस्क सतत घासत होती. घरी येऊन कॅलिपरचे (डिस्कला चिमटीत धरणारा भाग) दोन बोल्ट सैल केले, ब्रेकचा लिव्हर दाबून धरला, परत आवळले. सायकल उलटी करून फिरवलं तर चाक मस्त. गेटपाशी वळलो आणि पुन्हा खर्र खर्र!

मग रिम धरून आडवं हलवलं, तर टकटक. हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा कोन (आतले छर्रे दाबून धरणारा नट) ढिला! दोन तास बिचाऱ्या कॅलिपरलाच शिव्या.

हब खोलला. ग्रीस काळंकुट्ट. एका बाजूला ९ छर्रे हवेत, हाती आले ८. नववा आईने झाडूने कपाटाखालून काढला. "हा मणी कसला रे?"

कोन जरा जास्त आवळला की चाक जड, कमी आवळला की पुन्हा टकटक. चौथ्यांदा जमलं. हात अजून काळेच, पोहे चमच्याने खातोय.