संध्याकाळची वीज

आज नेरुळला मामांकडे गेलो होतो. मामांची सगळी नोकरी गॅस टर्बाइनवर, म्हणजे गॅस जाळून वीज बनवणाऱ्या यंत्रावर गेली. सोसायटीच्या गच्चीवरचे सोलर पॅनल बघत बराच वेळ बोलत बसलो, ते बोलणं अजून डोक्यात आहे.

सौर वीज वाढली की गॅसची केंद्रं आपोआप संपतील, असं मला वाटायचं. दुपारपुरतं ते खरंही आहे. ऊन असताना स्वस्त सौर वीज आधी घेतली जाते, गॅसची महाग वीज मागे राहते. पण सूर्य उतरतो त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी चालू होतात. थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा उभा करायला कित्येक तास जातात, गॅस टर्बाइन मात्र काही मिनिटांत भार घेते.

"पण अरे, रोज चालू-बंद केलं की धातू सारखा तापतो नि निवतो. पात्यांना चिरा जातात," मामा म्हणाले. शिवाय अर्ध्या भारावर चालवलं की युनिटमागे गॅस जास्त जळतो.

आपल्याकडे तर मुळात गॅसच पुरत नाही. देशात हजारो मेगावॅटची गॅस केंद्रं, त्यातली बरीचशी बसून. आयात एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, परवडत नाही. उरणचं महानिर्मितीचं ६७२ मेगावॅटचं गॅस केंद्रच बघा, इथून किती जवळ!

मला मनापासून वाटतं, नुसतं सज्ज राहण्याचाही योग्य मोबदला अशा केंद्रांना मिळायला हवा, निदान वीज साठवायची पुरेशी सोय उभी राहीपर्यंत. आणि घाटघरसारखे, पाणी वर चढवून वीज साठवणारे प्रकल्प आपल्या सह्याद्रीत आणखी व्हायला हवेत.