पोखरलेलं फळ गळत का नाही?

मृग बहाराचं डाळिंब होतं, फळं लिंबापेक्षा मोठी झालेली. किडीच्या पाहणीसाठी बागेत शिरले आणि पहिल्याच ओळीत घाण वास आला. सुरसा अळी, म्हणजे डाळिंब पोखरणारी अळी, लागलेली बाग डोळ्यांआधी नाकाला कळते. फळाला गोल छिद्र, त्यातून ओघळलेली विष्ठा.

"ताई, एक सांगा," बागवाले काका म्हणाले, "आतून सगळं खाल्लंय, मग ह्ये फळ गळत का न्हाई?"

प्रश्न नेमका होता. काकांनी फळ ओढलं. देठ तुटला, तरी फळ लोंबतच राहिलं. भिंगातून पाहिलं तर देठाभोवती आणि फांदीभोवती पांढुरक्या रेशमाचे वेढे, एकावर एक, घट्ट आवळलेले. अळीनं बाहेर येऊन आपलं घर फांदीला बांधून ठेवलं होतं! हे मी वाचलं होतं, पण तो चिवट धागा बोटांना लागला तेव्हा अंगावर काटा आला.

फळ फोडलं. दाणे जवळजवळ संपलेले, आत आखूड केसांची, काळपट तपकिरी अळी. तिचं मागचं टोक चपटं असतं, तेच ती छिद्राला बुचासारखं लावून बसते. दुसऱ्या फळात कोष निघाला. कोष बरेचदा आतच होतो. फळ आधीच खाली पडून कुजलं तर अळीचं सगळं फुकट.

यातून निघणारं फुलपाखरू फार देखणं. नर वरून चमकदार जांभळा-निळा, मादी तपकिरी, पुढच्या पंखावर नारिंगी डाग, मागच्या पंखाला केसासारखी शेपटी. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसनं १७९३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. मादी फुलांवर, कोवळ्या फळांवर सुटी सुटी अंडी घालते. अळी एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून लहान फळांना पिशव्या घालायच्या, आणि पोखरलेली फळं गळायची वाट न बघता हातानं तोडून खोल पुरायची.

बांधावर गेळ्याचं झाड होतं. त्याच्या दोन-तीन फळांनाही तीच छिद्रं, तेच रेशीम. काकांनी लगेच कुऱ्हाडीचं नाव काढलं.

"काका, पेरू आणि चिंचही तिला चालतात. किती झाडं तोडणार? गेळ्याची किडकी फळंही याच खड्ड्यात टाका."

काका शिडी आणायला गेले.