दहाच्या जागी तीसचा फ्यूज
कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगची कामे करताना ‘फक्त फ्यूज बदलून द्या’ असे सांगणारी गिऱ्हाइके नेहमीच येतात. ऐन पावसाळ्यात आलेले एक निवृत्त काका त्यांपैकीच होते. त्यांच्या हॅचबॅकचे मागचे दिवे आणि मीटरमागचा उजेड मधूनच जात असे. संध्याकाळी आंबा घाट उतरून रत्नागिरीला मुलीकडे जायचे असल्याने त्यांना घाई होती.

स्टिअरिंगखालच्या फ्यूज बॉक्सचे झाकण काढले, तर टेल लॅम्पच्या खाचेत हिरवा, म्हणजे तीस अँपिअरचा फ्यूज बसवलेला होता. झाकणावरच्या तक्त्यात मात्र त्या जागी दहाचा आकडा स्पष्ट छापलेला होता. दहाचा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून आधीच्या गॅरेजात ‘जरा दणकट’ फ्यूज घातल्याचे काकांनी सांगितले. फ्यूज हा दिव्यांसाठी नसून वायरच्या रक्षणासाठी असतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसालाही ठाऊक नसावे, याचा मला राग आला. दहाच्या हिशेबाने टाकलेल्या बारीक वायरमधून वीस-पंचवीस अँपिअर वाहू लागले, तरी तीसचा फ्यूज जागचा हलत नाही आणि वितळायची पाळी वायरच्या आवरणावर येते. डिकी उघडल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, असे काकूंचे म्हणणे होते. काकांनी ते मनावर घेतले नव्हते.

सुदैवाने उडालेले लाल फ्यूज त्यांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवले होते. भार थोडासाच जास्त झाला, तर आतली पट्टी सावकाश वितळून मध्ये तुटते आणि प्लॅस्टिक बहुधा स्वच्छ राहते. यांची खिडकी मात्र आतून काळी पडून धातूचे बारीक शिंतोडे उडालेले दिसत होते. ही थेट शॉर्टची खूण होय. हिशेबही तेच सांगत होता, कारण पुढचे-मागचे छोटे दिवे आणि नंबर प्लेटचे दिवे, सगळे पाच-पाच वॅटचे, मिळून तीस वॅट धरले तरी बारा व्होल्टला अडीच अँपिअरच होतात.

अशा वेळी फ्यूजमागून फ्यूज घालत बसण्यात अर्थ नसतो. उडालेल्या फ्यूजच्या दोन पात्यांना वायर डाखून त्यांना हेडलाइटचा पंचावन्न वॅटचा बल्ब जोडलेले एक जुगाड मी हाताशी ठेवतो. ते फ्यूजच्या जागी खोचले, की शॉर्ट असतानाही बल्बमुळे करंट साडेचार-पाच अँपिअरच्या आसपासच अडतो. सर्किट ठीक असेल तर बल्ब मिणमिणतो आणि शॉर्ट झाले की झगझगीत पेटतो. दिवे लावले, तेव्हा बल्ब मंदच होता. डॅशबोर्डखालचा आणि मागच्या सीटजवळचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवून पाहिला, तरी फरक पडेना. शेवटी पोऱ्याला डिकी उघडायला सांगितली; ती अर्धी वर जाताच बल्ब लखकन पेटला आणि खाली आणल्यावर पुन्हा मंदावला.

बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवली, तेव्हा दुखणे उघडे पडले. वर्षानुवर्षांच्या उघडझापीने नंबर प्लेटच्या वायरचे आवरण तडकले होते आणि तिची तांब्याची तार शेजारच्या, तशाच सोललेल्या अर्थिंगच्या वायरला टेकत होती. आवरण पुढे वीतभर मऊ पडून चकाकत होते. तीसच्या फ्यूजने केलेली कामगिरी ती हीच. नुसती टेप गुंडाळणे झटपट झाले असते, पण तिथली वायर रोज वाकते. म्हणून दोन्ही वायरींचा खराब भाग कापला आणि लवचीक नवे तुकडे टाकून डाखाचे जोड नळीच्या बाहेर, मागेपुढे घेतले. त्यांवर श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, चढवली, दहाचा लाल फ्यूज बसवला आणि दिवे लावून पोऱ्याकडून डिकी बराच वेळ उघडझाप करवून घेतली. मग टेस्ट लॅम्पचे टोक फ्यूजच्या माथ्यावरच्या दोन्ही उघड्या बिंदूंवर टेकवले. दोन्हीकडे तो पेटला, म्हणजे फ्यूज शाबूत होता.

बिल पाहून काकांनी, दहा रुपयांच्या फ्यूजचे एवढे पैसे कसे, अशी हुज्जत घातलीच. मी कापलेला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. पैसे दिल्यावर तो आणि हिरवा फ्यूज त्यांनी कागदात बांधून मागून घेतला, तो आधीच्या गॅरेजवाल्याला दाखवण्यासाठी.