निकाल लागायच्या आधी लिहून ठेवते

१४ डिसेंबर २०२५, रविवार

आमच्या गल्लीतली अक्का नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी आहे. निकाल २१ तारखेला आहे. त्याआधीच हे लिहून ठेवायचं ठरवलं. एकदा आकडे आले की सगळे त्या आकड्यांवरूनच बोलायला लागतात. अक्का निवडून आली तर "बघा, जिद्दीचं फळ" म्हणतील. पडली तर "कुणी सांगितलं होतं उभं राहायला?" म्हणतील. मला या दोन्हींच्या आधीची अक्का लिहायची आहे.

मतदान २ डिसेंबरला झालं आणि मोजणी लगेच दुसऱ्या दिवशी होती. अक्काने त्या दिवसाच्या भाकरीच्या ऑर्डरी घेतल्या नव्हत्या. पण मतदान चालू असतानाच बातमी आली की नागपूर खंडपीठाने मोजणी पुढे नेली. काही ठिकाणचं मतदान २० तारखेवर गेलं होतं, म्हणून सगळ्या नगरपालिकांची मोजणी एकदमच २१ ला. तेव्हापासून मशिनं स्ट्राँगरूममध्ये आहेत. बाहेर पोलीस बसलेत, आणि त्यांच्या पलीकडे मंडप टाकून उमेदवारांची माणसं पाळीपाळीने जागतायत. आमच्या गल्लीतली पोरंही निघाली होती. अक्का म्हणाली, "कुलपाला सील हाय, सीलवर सह्या हायेत. पोरांना थंडीत कशाला बसवता?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखी परात घेऊन बसली.

ती अपक्ष आहे. चिन्ह कपबशी, जागा सर्वसाधारण महिला. तिच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे, आणि ती सही केल्याचा मला अभिमान आहे. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे नोकरीत असेपर्यंत निवडणूक म्हणजे केंद्रावरची ड्यूटीच. या वेळी पहिल्यांदा एखाद्या बाईसाठी दारोदार फिरले.

पत्रकावरून थोडा वाद झाला होता. पोरांनी कुठून तरी मजकूर लिहून आणला: भूकंपात आईवडील गमावले, कोरोनात नवरा गमावला, तरी खचली नाही, अशा लेकीला मत द्या. अक्काने वाचलं आणि कागद खाली ठेवला. "मला काय काय झालं ते सांगून मत मागू का मी? ह्यात नळाचं कुठं हाय? नालीचं कुठं हाय?" पोरं म्हणाली, अक्का, लोकांना हेच भिडतं. ती म्हणाली, "भिडंल. मग मत देतील आन घरी जातील. पाणी कधी मागणार?" शेवटी पत्रकावर सहा कामं आली आणि तिचं नाव. बाकी काही नाही.

मला तिचं पटलं होतं आणि आजही पटतं. दुःखाचं भांडवल करू नये एवढंच कारण नाही. तिच्या दुःखाची गोष्ट जशी सांगतात तशी ती घडलेलीच नाही. "सोसलं आणि उभी राहिली" असं म्हटलं की मधलं सगळं गळून पडतं, आणि खरी अक्का त्या मधल्या भागातच आहे.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे तीन छप्पन. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक झोपलेले. आमच्या भागातल्या चाळिशीपुढच्या कुणालाही ही वेळ विचारा, घड्याळ न बघता सांगतील. सास्तूर-किल्लारीच्या पट्ट्यातली घरं दगड-मातीची. वर माळवद, आणि दरवर्षी गळू नये म्हणून त्यावर नवी माती टाकायची. वर्षानुवर्षांची ती माती झोपलेल्या माणसांवर आली. अक्का तेव्हा नऊ वर्षांची होती. गणपतीला मामाकडे गेली होती म्हणून वाचली. आई, वडील आणि धाकटा भाऊ घरात होते.

त्या सकाळबद्दल ती फारसं बोलत नाही आणि मी विचारत नाही. त्यानंतरच्या वर्षांबद्दल मात्र ती भरभरून बोलते.

लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्हे मिळून ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. घर किती मोठं मिळणार हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. तिच्या वडिलांच्या नावाचं अडीचशे फुटांचं घर चुलत्याच्या ताब्यात गेलं. नऊ वर्षांच्या पोरीच्या वतीने यादीत नाव घाला म्हणणारं कुणी नव्हतं. लहान होती तरी हे तिला कळत होतं, असं ती सांगते. "माझं नाव कुणीच घेतलं नाही" हे वाक्य तिने मामीला म्हटलं होतं म्हणे.

ही मामी म्हणजे खरी शाळा. मामाचं गाव पूर्ण पडलं नव्हतं, भिंतींना तडे गेले होते. तिथे घरं दुरुस्त आणि मजबूत करायची योजना आली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या काळात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. सरकारची योजना घराघरांत समजावून सांगायची, लोकांच्या अडचणी वर पोचवायच्या, काम नीट होतंय का बघायचं, हे त्यांचं काम. मामी दुसरी शिकलेली. ती संवाद सहायक झाली आणि वही लिहायला तिने भाचीला सोबत घेतलं.

तर दहा-अकरा वर्षांची ही पोर घरोघरी फिरत होती. माळवदावरची माती कमी केली का, खांबाला आणि तुळईला तिरके आधार दिले का, भिंतीत आरपार बांधदगड बसवले का, हे मामी बघायची आणि ही लिहायची. पैसे हप्त्याने यायचे. एक काम झाल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. कुणाचा हप्ता अडकला की मामी तालुक्याला जायची, आणि तिथे कुणी "होईल, होईल" म्हटलं की विचारायची, "कशानं अडकलंय ते कागदावर द्या." अक्का आजही तसंच बोलते. "बाई, तोंडी सांगतेत ते ऐकून माघारी यायचं नाही. नाव का नाही, ते लिहून मागायचं."

मी तीस-बत्तीस वर्षं मुलांना निबंध शिकवले. अर्ज कसा लिहायचा हे मात्र मला अक्काने शिकवलं. वर तारीख, खाली पोच. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

आठवीनंतर शाळा सुटली, लवकर लग्न झालं आणि ती आमच्या गावात आली. नवरा मोंढ्यात हमाल. माणूस चांगला होता, कष्टाळू, कमी बोलणारा. एप्रिल २०२१ मध्ये गेला. ते दिवस सगळ्यांनीच पाहिलेत, लिहायची गरज नाही. पुढे सुप्रीम कोर्टात ठरल्यावर कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये मिळायला लागले. हिच्या हातातल्या मृत्यूच्या कागदावर कारण भलतंच लिहिलेलं. जिल्ह्याला तक्रार निवारण समिती होती, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत होतं? हिने शोधून काढलं. स्कॅनचा रिपोर्ट जोडला, अर्ज केला, पोच घेतली. पैसे आले. मग गल्लीतल्या ज्या ज्या घरात माणूस गेलं होतं, त्या प्रत्येक घराचा अर्ज हिच्या ओट्यावर भरला गेला. दिवसा भाकरी, रात्री अर्ज. त्या वर्षी मी तिला पहिल्यांदा नीट ओळखायला लागले.

यंदाच्या सप्टेंबरात पावसाने आमच्या जिल्ह्याचं काय केलं ते सांगायला नको. खालच्या वस्तीत पाणी शिरलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा अक्काकडे घरांची यादी तयार होती: कुणाच्या घरात किती पाणी, कुणाचं धान्य भिजलं, कोण भाडेकरू. भाडेकरूंची नावं सुटतात, हे तिला आधीच ठाऊक होतं. त्या दिवशी वस्तीतल्या म्हातारीने तिला म्हटलं, "तूच उभी ऱ्हा की." उमेदवारी तिथून सुरू झाली.

अर्ज भरायला मी सोबत होते. ऑनलाइन अर्ज, त्याची प्रत, शपथपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय असून ते वापरत असल्याचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र, खर्चासाठी बँकेत वेगळं खातं. शपथपत्र भरणारा मुलगा टंकत होता आणि ती सांगत होती. जन्मतारीख? "१ जून १९८४." माझ्या तोंडावर हसू आलं, कारण ही तारीख आम्हा मास्तरांचीच. ज्याची तारीख माहीत नाही त्याला १ जून द्यायची, म्हणजे शाळा सुरू होताना वय बरोबर भरतं. तिची जुनी शाळा भूकंपात गेली, दप्तर गेलं. मामाच्या गावच्या गुरुजींनी अंदाजाने ही तारीख लिहिली. अक्का म्हणाली, "आई असती तर सांगितलं असतं कधीचा जन्म." एवढंच, आणि पुढच्या रकान्याकडे वळली. मालमत्ता: दागिन्यात मणीमंगळसूत्र, वाहन नाही, जमीन नाही. मुलाने विचारलं, "व्यवसाय काय लिहू? गृहिणी?" तिने त्याच्याकडे बघून सांगितलं, "भाकरी करून विकते. तसंच लिही."

छाननीच्या दिवशी तिने सगळ्या कागदांच्या दोन-दोन प्रती नेल्या होत्या. एकाही कागदावर हरकत निघाली नाही. मला त्या दिवशी किती आनंद झाला ते शब्दांत सांगता येणार नाही.

प्रचारात एक गोष्ट मात्र मनाला लागली. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर बाईचा फोटो लहान आणि शेजारी साहेबांचा मोठा. कारभार कोण करणार हे फोटोवरूनच कळतं. अक्काला एका घरात सरळ विचारलं, "तुमच्याकडं तर कुणी माणूस नाही, नगरपालिकेत कोण जाणार?" ती म्हणाली, "मीच जाते की. आत्तापर्यंत बी मीच गेले." घरातली सून आतून बघत होती. निघताना दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, माझा उताऱ्याचा अर्ज बघाल का.

आमच्या पालिकेत सदस्याला अडीच लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. अक्काचा खर्च म्हणजे पत्रकं, एक रिक्षा आणि तिच्यावरचा भोंगा. शेवटच्या रात्री प्रभागात पाकिटं फिरली. लोक त्याला लक्ष्मीदर्शन म्हणतात. मला हा शब्द सहन होत नाही. देवीचं नाव अशा कामाला लावू नये. पोरं अस्वस्थ होती. अक्का म्हणाली, ज्याला घ्यायचं त्यानं घेऊ द्या, पण उद्या नालीचा अर्ज घेऊन आला तर त्याचाही भरायचा. हे ती मोठेपणा दाखवायला बोलत नाही. तिला खरंच तसं वाटतं, आणि मला तिच्याकडून हे घेता आलेलं नाही. पाकीट घेतलेल्या माणसाकडे मला नीट बघवत नाही.

आज दुपारी तिच्याकडे गेले तर ओट्यावर बायकाच बायका. लाडकी बहीणची ई-केवायसी ३१ डिसेंबरपर्यंत करायची आहे. त्यात नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर टाकायचा, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येणार. ज्यांचे दोघंही नाहीत त्यांनी काय करायचं? कित्येकींना वाटलं, आपलं बंद झालं. अक्काच्या बाबतीत तर दोन्ही रकाने रिकामेच. तिने आधी स्वतःचं करून पाहिलं, अंगणवाडी सेविकेकडे मृत्यूचा दाखला द्यायचा असतो हे विचारून आली, आणि आता एकेकीला सांगत बसली होती. कुणाचा दाखला कुठून काढायचा, कुणाच्या नवऱ्याची नोंद दुसऱ्या गावी आहे, कुणाला सोडून गेलेला नवरा जिवंत आहे पण नंबर देत नाही. या शेवटच्या बाईचं तिलाही सुचेना. "हिचं काय करायचं बाई?" असं मला विचारलं. मलाही उत्तर येईना. उद्या दोघी मिळून महिला व बालविकासच्या ऑफिसात जाणार आहोत. अर्ज मी लिहून ठेवलाय, दोन प्रतींत. त्या बाईचं रेशनकार्ड तेवढं सकाळी मागून घ्यायचं राहिलंय.