टेनिस लॉग, महिना चौथा : विकेटकीपरची खोड

ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर सुरू केलं होतं, आता जानेवारी संपत आला. फोरहँड बरा, बॅकहँड देवाच्या हवाली. पण ह्या महिन्यात मला सगळ्यात जास्त कोणी रडवलं असेल तर माझ्याच डाव्या हाताने.

नवीन मंडळींसाठी सांगतो, मी पंधराएक वर्षं गावच्या टीमसाठी विकेटकीपिंग केलंय, तेसुद्धा टेनिस बॉलनेच, म्हणजे बॉल ओळखीचा आणि तिथेच घोळ झाला. रविवारी सकाळी डबल्स चालू होतं, फोंड्यात ह्या दिवसांत सहा-साडेसहाला चांगलं दंव असतं, बॉल भिजून जड होतो, उसळी कमी, त्यामुळे सगळे जोर लावून मारतात. स्कोअर आमचा 40-30. समोरच्याने असा काही हाणला की बॉल खांद्याएवढ्या उंचीवरून सरळ मागे निघाला. मी बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, हातभर मागे उभा, आउट जाणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी काय केलं? कॅच घेतला. एका हाताने, मस्त. वर हात करून ‘गेम!’ म्हणून ओरडलोसुद्धा.

माझे पार्टनर एक रिटायर्ड मास्तर, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो. त्यांनी कपाळावर हात मारला. ‘आरे बॉल कित्याक धरलो रे?’ म्हणजे, कशाला धरलास?

तर नियम असा आहे: बॉल जमिनीवर पडेपर्यंत जिवंत. टप्पा पडायच्या आधी तुमच्या हाताला, अंगाला, टोपीला लागला तर पॉइंट तुम्ही घालवला, मग तुम्ही कोर्टात असा नाहीतर पार मागच्या जाळीला टेकून उभे असा. आउट ‘जाणार होता’ ह्याला काही किंमत नाही, पडू द्यायचा. 40-30 चं ड्यूस, म्हणजे 40-40, झालं, पुढचे दोन पॉइंट रागात घालवले, गेम गेला. चहाच्या वेळी मला ‘धोनी’ म्हणून पाव आधी वाढला ते वेगळंच.

गंमत म्हणजे ह्याच डाव्या हाताला सर्व्हिसच्या वेळी कॅच घ्यायची पूर्ण मुभा आहे आणि तिथे मी तीन महिने घेतच नव्हतो! टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी वर सोडलेला बॉल, वाकडा गेला, रॅकेट फिरवलीच नाही, बॉल हातात धरला किंवा खाली पडू दिला, तर फॉल्ट नाही, परत टाका. रॅकेट फिरवली आणि हुकली तर मात्र फॉल्ट. मला वाटायचं टॉस सोडून दिला की लोक हसतील, म्हणून डोक्यामागे गेलेला टॉससुद्धा पाठ मोडून मारायचो आणि तो नेटमध्ये. आता वाकडा गेला की गप धरतो, ‘सॉरी’ म्हणतो. मोठे मोठे प्लेअरही तेच करतात, टीव्हीवर नीट बघा.

टॉसवर भाईंनी दोन आठवडे घेतले, रॅकेट हातात न देता. बॉल तळव्यात नाही, बोटांच्या टोकांवर, भरलेला ग्लास धरल्यासारखा. कोपर वाकवायचं नाही, हात खांद्यातून वर न्यायचा आणि डोळ्यांच्या थोडं वर आल्यावर बोटं उघडायची, फेकायचा नाही. बॉल फिरता कामा नये, बॉलवरची अक्षरं वाचता आली तर टॉस बरोबर हे त्यांचं मोजमाप. रॅकेट कोयता धरतो तशी, धार बॉलकडे. सुरुवातीला हे फार विचित्र लागतं, मनगट दुखतं, पण पाच-सहा दिवसांत बसतं. मोजून 50 सर्व्हिस मारतो: डिसेंबरात 17 आत होत्या, काल 29. हा फरक बहुतेक सगळा टॉसचा आहे, दंड काही माझे वाढलेले नाहीत.

नेटबद्दल एक. मधोमध उंची 91.4 सेंमी आणि खांबांजवळ 1.07 मीटर, म्हणजे मध्ये चांगलीच खाली असते. शिवाय तिरका मारला की कोर्टही जास्त लांब मिळतं, म्हणून अडचणीत असाल तर क्रॉस मारा, लाइनवर हिरोगिरी नको. आमच्याकडे टेप कोणाकडेच नसते, भाई एक रॅकेट उभी करून तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवतात, साधारण तेवढीच उंची येते.

टायब्रेक कळायला मला वेळ लागला. सेटमध्ये दोघांचे गेम 6-6 झाले की सात पॉइंटांचा, दोनची आघाडी हवी. पहिला माणूस एकच सर्व्हिस टाकतो, मग प्रत्येकी दोन-दोन, दर सहा पॉइंटांनी बाजू बदल. विंबल्डनला 2010 मध्ये शेवटच्या सेटला टायब्रेक नव्हता, तेव्हा इस्नर-माहूचा तो सेट 70-68 ला संपला, मॅच तीन दिवस, 11 तास 5 मिनिटं. आम्हाला साडेसातला पणजीची बस पकडायची असते, त्यामुळे टायब्रेकचा शोध लावणाऱ्याला माझा नमस्कार.

तर डाव्या हाताचा इलाज. भाईंनी सांगितलं, पॉइंट चालू असताना तो रॅकेटच्या गळ्यावर ठेव, मोकळा सोडूच नको. असंही तयारीत उभं राहायची हीच पद्धत आहे, बॅकहँडला ग्रिप बदलायलाही सोपं. आठवडाभर घोकलं. परवा पुन्हा तसाच बॉल आला, लांब, खांद्यावरून. हात उठत होता, रॅकेट घट्ट धरली, बाजूला उडी मारली, बॉलला साष्टांग वाट करून दिली.

बेसलाइनवर पडला. रेषेला नुसता चाटून गेला तरी आत धरतात, आणि अंपायर नसला की आपल्या बाजूचा कॉल आपणच द्यायचा, शंका असेल तर समोरच्याच्या बाजूने. मला शंकासुद्धा नव्हती, चुन्यावर ठसा दिसत होता. ‘इन,’ म्हटलं. भाई पाणी प्यायला गेले.