भाजलेल्या हातात खडू कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भाजलेल्यांच्या वॉर्डात मी रुग्णांना चित्रं काढायला देते. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात: "इतक्या भाजलेल्या माणसाला चित्रं कसली काढायला लावता? त्यानं जखम भरते का?"

नाही भरत. जखम भरते ती ड्रेसिंगनं, औषधांनी, पोटात गेलेल्या अंडी-डाळींनी आणि लागलंच तर त्वचारोपणानं. कुणी नुसत्या रंगांनी बरं करतो म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका.

पण भाजलेल्याचं दुखणं जखमेपुरतं नसतं. ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं व्हरांड्यात वाजली की मुलं आधीच रडायला लागतात, आणि त्या धास्तीनं दुखणं आणखी वाढतं. मन दुसरीकडे गुंतलं तर तेच दुखणं थोडं कमी जाणवतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी भाजलेल्यांसाठी बर्फाच्या दरीत हिंडायचा संगणकी खेळ बनवला तो याच कारणानं. ड्रेसिंग चालू असताना रुग्ण तो खेळतो. माझ्यापाशी जाड खडू आणि कागद आहेत. वेदनाशामक औषध मात्र द्यावंच लागतं, त्यात काटकसर नको.

दुसरी गोष्ट हातांची. भाजलेली कातडी भरून येताना आखडते. काख भाजली असेल तर दंड वर जाईनासा होतो, बोटं भाजली तर ती आखडून तशीच राहतात. व्यायाम करावाच लागतो आणि तो फार दुखतो. आमच्या सिंधुदुर्गातून मोठं भाजलेलं माणूस गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात नाहीतर कोल्हापूरला जातं, आणि परतल्यावर खरी लढाई सुरू होते ती इथेच. काजूच्या कारखान्यात काम करणारी एक बाई होती, चुलीवर पदर पेटलेला. फिजिओथेरपिस्टनं "हात वर करा" म्हटलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी कागद पुढे केला तर म्हणाली, "माका चित्र काडूक येणा नाय, बाई." मग विचारलं, तुळशीपुढे खळ्यात रांगोळी कोण घालतं? ती तीच घालायची. फिजिओथेरपिस्टनं सांगितलेल्या उंचीवर भिंतीला कागद चिकटवला, खडूला कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड केला. तिनं ठिपके द्यायला सुरुवात केली. पुढच्या वेळी कागद बोटभर वर. वरच्या ओळीशी दातओठ खाऊन थांबायची, पण रांगोळी अर्धवट सोडवेना. हात तिचा तिनं वर नेला, कुणी ओढला नाही. वॉर्डात सगळं दुसरेच करतात, अंग पुसणंसुद्धा. तिथे एवढं तिच्या मर्जीचं होतं.

लाल रंग वापरला म्हणजे आग आठवली का, असंही विचारतात. असले अर्थ मी काढत नाही. लाल म्हणजे कधी कधी नुसतं जास्वंदीचं फूल असतं. बोलावंसं वाटलं तर माणूस आपणहून बोलतो.

घरी गेल्यावरचं सर्वांत अवघड. वण जाड होऊ नयेत म्हणून दाबाचे घट्ट कपडे दिवसाचे तेवीस तास, कितीतरी महिने घालायचे. आपल्याकडच्या वैशाखातल्या घामात ते काय होत असेल! त्यात खाज, आणि लोकांच्या नजरा. चेहरा भाजलेला एक मुलगा शाळेत जाईना. जखमा पुरत्या भरल्यावर डॉक्टरांना विचारून त्याच्या काकांनी त्याला गावातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, नेलं. तिथे शाडू मळून बोटांना व्यायाम झाला, पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: तिथे सगळ्यांचे डोळे मूर्तीवर असतात. चतुर्थीपर्यंत तो रोज जात होता. शाळेत तो नंतर गेला, तोही दप्तर चेहऱ्याशी धरून.

काही आणायचं असेल तर कोरे कागद आणि न उघडलेली खडूची पाकिटं आणा. जंतुसंसर्गाच्या भीतीनं एकाचे खडू दुसऱ्याला देता येत नाहीत, म्हणून ती सतत लागतात. घरातले वापरलेले रंग नकोत. आणि खाटेजवळ आलात तर "हे काय काढलंस?" असं विचारू नका, शेजारी बसा, तो दाखवील तेव्हा बघा.