जांभ्याच्या भिंतीसाठी चुना मिळवताना

रत्नागिरी जिल्ह्यातील आमचे जुने घर जांभ्या दगडाचे आहे. मधल्या काळात कधीतरी माजघराच्या भिंतींना खालून कमरेइतका सिमेंटचा गिलावा केला गेला, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर त्याच्या वरच्या कडेला लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटून रंगाचे पोपडे पडू लागले. जांभा सच्छिद्र असल्यामुळे जमिनीतली ओल त्यात वर चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते, सिमेंटमागे मात्र कोंडून राहते व क्षार घेऊन आणखी वर सरकते. म्हणून सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा, आणि तो घरच्या घरीच करायचा, असे ठरवले. सिमेंट उतरवताना जांभ्याचे टवके उडू नयेत म्हणून छिन्नी तिरपी धरावी. त्या कामाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही.

घोडे अडले ते चुन्यापाशी. पानाला लावायचा चुना कोणत्याही टपरीवर मिळतो, पण घमेलेभर चुना मागितला की हार्डवेअरचा दुकानदार चमत्कारिक नजरेने पाहतो. एका दुकानात तोंड उघडे असलेल्या पोत्यातून पांढरी भुकटी भरून मिळाली. ती ताजी आहे का, असे विचारल्यावर "चुना काय नासतो का?" असे उत्तर आले. नासतो! विझवलेला, म्हणजे पाणी देऊन फोडलेला, चुना उघडा राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची पुन्हा चुनखडी होते आणि बांधून ठेवण्याचा गुण निघून जातो. घरी येऊन चिमूटभर भुकटीवर लिंबू पिळले तर ती भराभर फसफसली, म्हणजे बरीचशी चुनखडीच होती. चांगला विझवलेला चुना असा फसफसत नाही. दुकानदाराने ती परत घेतली नाही, याचा राग अजून गेलेला नाही. लिंबू दुकानातच खिशातून काढावे, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

अखेर गावातल्या एका वृद्ध गवंड्यांच्या ओळखीने कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना मिळाला, तर पुढे वाट पाहणे आले, कारण विझवलेला चुना पाण्याखाली काही आठवडे मुरल्याशिवाय त्यातले कच्चे खडे फुटत नाहीत आणि नंतर गिलाव्यावर फोड येतात. या काळात येणारा-जाणारा प्रत्येक जण "सिमेंट मारून मोकळे व्हा" असा सल्ला देत होता. चुना विझवताना तो थोडा थोडा पाण्यात सोडावा, चुन्यावर पाणी ओतू नये. पाणी अक्षरशः उकळते, म्हणून पिंप लोखंडी असावे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्रत्यक्ष गिलावा त्यामानाने सरळ झाला: एक भाग चुना, तीन भाग वाळू आणि 10 ते 12 मिलिमीटरचा थर. खाडीची वाळू असल्यास गोड्या पाण्याने नीट धुवावी, नाहीतर मिठामुळे लोणा पुन्हा हजर होतो. थर सावकाश सुकावा म्हणून ओले गोणपाट लावून ठेवले. दुकानातली ती भुकटी मात्र वाया गेली नाही. मुलांनी कबड्डीचे मैदान आखायला नेली.